दहाव्यात अडकलेय

मंगळवार, रात्री. पाऊस चालूच.

सकाळी दूध तापवत असताना दादाचा व्हॉइस मेसेज आला. "अगं, अजून दहाव्यातच आहेस का तू? सोड की तो. कुठंतरी सारांश वाच आणि सरळ अकराव्याला लाग. काही होत नाही त्यात." पुढं त्याचं ते नेहमीचं हसू.

बस, एवढंच. यात लागण्यासारखं काय आहे? रॉबर्ट जॉर्डनची 'द व्हील ऑफ टाइम' ही जादूच्या जगातली कादंबरी-मालिका त्यानंच मला लावली, पुस्तकंही त्याचीच, आणि मी आता दहाव्या खंडात आहे, 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट'. चांगलं सांगायला गेला बिचारा. दूध मात्र उतू गेलं आणि दिवसभर मी कुणाशी धड बोलले नाही.

आधी वाटलं, राग पुस्तकाच्या बाजूनं आलाय. म्हणून दुपारी मनातल्या मनात त्याच्याशी भांडून घेतलं. काही होत नाही म्हणजे काय? मॅट त्या सर्कशीच्या गाड्यांत लपून चाललाय, पळवून आणलेली राजकन्या शेजारी बसवून, तिच्याशी पटावर सोंगट्या खेळतोय आणि ती त्याला सगळ्यांदेखत 'टॉय' म्हणतेय. एग्वेन जादूगारणींच्या शहराला, तार वालोनला, वेढा घालून बसलीय आणि शेवटी स्वतःच बंदराच्या साखळीपाशी जाऊन पकडली जाते. पेरिन बायकोला शोधतोय. एलेन गादीसाठी एकेका घराण्याची मनधरणी करतेय, पोटुशी आहे, वर आंघोळही करतेय. (त्या आंघोळीवरून जगभरच्या वाचकांनी या खंडाची जी चेष्टा केलीय ती काही उगीच नाही.) एवढं सगळं होतंय की.

पण खरं सांगायचं तर मलाही झोप लागली होती. काल दुपारी, छातीवर पुस्तक घेऊन. सहाशेच्या वर पानं आणि नायक रँड, ज्याच्यासाठी आपण एवढी वर्षं घासतोय, तो जेमतेम डोकावून जातो. कुठल्या एस सेदाईनं, म्हणजे जादूगारणीनं, शाल कशी सावरली, चहा किती कोमट होता, कुणी कुणाकडं बघून नाक मुरडलं, हे पानंच्या पानं. नवव्याचा शेवट काय जबरदस्त आहे! रँड आणि नायनीव शादार लोगोथपाशी बसून तीन हजारांहून जास्त वर्षं नासलेली शक्ती धुऊन काढतात. तो खंड 2000 साली आला, हा 2003 च्या जानेवारीत. तेव्हाच्या वाचकांनी दोन वर्षांवर वाट बघितली आणि हातात काय पडलं, तर तोच दिवस पुन्हा. पहिली निम्मी पानं लेखक एकेका माणसापाशी जातो आणि घड्याळ मागं फिरवतो. लांब कुठंतरी काहीतरी प्रचंड चाललंय हे प्रत्येकीला जाणवतं, सगळ्या हातातलं काम थांबवून त्या दिशेला बघतात. काय आहे ते कळत नाही. घाबरतात, तर्क करतात, पुन्हा कामाला लागतात. आपल्याला ठाऊक असतं काय झालंय ते. म्हणूनच चिडचिड होते, अरे बाबांनो, पुढं चला.

म्हणजे दादाचं बरोबर आहे. मग मला लागलं का?

संध्याकाळी इथं कोल्हापुरात गंगावेशीतून येताना दूधवाल्यापाशी, रिक्षा स्टॉपवर, मेडिकलमध्ये, एकच प्रश्न ऐकला. पाणी किती झालं? कुणी म्हणतं पस्तीस फूट, कुणी छत्तीस. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला 39 फुटांना इशारा, 43 ला धोका, हे इथं शाळकरी पोरालाही पाढ्याआधी पाठ असतं. पुलाची मच्छिंद्री (पुराची जुनी खूण) व्हायला किती राहिलंय, राधानगरी धरणाचे दरवाजे उघडले का. बोलता बोलता माणसं नकळत नदीच्या दिशेला मान वळवतात. नदी तिथून दिसत नाही. तरी वळवतात. मी पण वळवली, आणि तिथंच हातातल्या पिशवीसकट थांबले, कारण हे मी कालच वाचलं होतं.

2019 चा ऑगस्ट आठवला. वीज नाही, उपसा केंद्रं पाण्यात गेल्यामुळं नळाला पाणी नाही, आणि बाहेर सगळीकडं पाणीच पाणी. आम्ही काकूकडं, राजारामपुरीत. शिरोलीजवळ महामार्ग बंद. फोनला जेमतेम चार्जिंग. आणि दादा पुण्यातून फोन करून सांगायचा, टीव्हीवर वरनं दाखवतायत, तुमच्या बाजूला असं असं आहे. आमच्या गल्लीची खबर आम्हाला पुण्याहून कळायची! त्याला सगळं चित्र दिसत होतं. आम्हाला काकूची गॅलरी, रेशनच्या बादल्या आणि शेजारच्यांच्या गप्पा. त्या दिवसांत काय झालं म्हणून मला कुणी विचारलं तर मी काय सांगणार? भांडी कमी पाण्यात कशी घासायची यावरून आई आणि काकूचं वाजलं, हे झालं. पायरीवर विटेनं रेघ मारून पाणी चढलं का उतरलं ते बघत बसलो, हे झालं. दादा त्या वेळी आला नाही. रस्ताच नव्हता म्हणा. नंतरही... असो.

तर तो वरून बघणारा आणि मी गॅलरीतली. पुस्तक वाचताना मात्र मी पण वरूनच बघत होते की. आणि त्या बायांवर वैतागत होते.

इथपर्यंत आलं की बरं वाटायला हवं ना? काहीतरी सापडल्यासारखं. पण नाही वाटलं. कारण मला जे लागलं ते पुराचं नाही, आणि त्या बायांचंही नाही. ते 'सोड की तो' असं आहे. दादाच्या आयुष्यात दर वर्षाला काहीतरी होतं. घर झालं, गाडी झाली, पोराची मुंज झाली, सिंगापूर झालं. माझ्याकडं विचारलं की मी म्हणते, 'चाललंय.' तिकडून अजून काही आलेलं नाही. येईल तेव्हा येईल. त्या विषयावर आज लिहायचं नाही असं ठरवलंय. आई त्याबद्दल विचारायचं थांबलीय, हे विचारण्यापेक्षा वाईट आहे. माझी ही वर्षं कुणाला सांगायची झाली तर दादा असाच हसून म्हणेल, तो भाग सोड, सारांश सांगतो, काही होत नाही त्यात.

लिहून काढलं तर किती रडकं दिसतंय हे. पण खोडत नाही.

पेरिनचं एक मला फार आवडलं. त्याच्या बायकोला, फाईलला, शायडो टोळीनं धरून नेलंय ('फाईल' हे नाव मी असंच वाचते, त्यामुळं ती कायम कुठल्यातरी टेबलावर अडकलीय असं वाटत राहतं). तर हा खिशात चामड्याची एक दोरी ठेवतो आणि ती गेल्यापासून रोज एक गाठ मारतो. बोलत नाही कुणाशी फारसं. गाठी चाचपत राहतो. एका ठिकाणी माहिती काढण्यासाठी तो पकडलेल्या माणसाचा हात तोडतो आणि नंतर ती कुऱ्हाड, जी पहिल्या खंडापासून त्याच्या कमरेला आहे, तिथंच झाडात रुतलेली सोडून चालता होतो. ते मी दोनदा वाचलं. दादाला हे आठवतं का, विचारायला पाहिजे. त्याच्या प्रतीत पहिल्या चार-पाच खंडांत पेन्सिलीच्या रेघा आहेत, नावांचे वंशवृक्ष काढलेत, एके ठिकाणी नकाशात बाण. दहावा कोरा करकरीत. मधली पानं तर एकमेकांना अशी चिकटलेली की मला नखानं सोडवावी लागली.

म्हणजे साहेबांनी स्वतःच सारांशावर भागवलंय! हे आत्ता लिहिताना लक्षात आलं, आणि मघापासून पहिल्यांदा हसू आलं.

जॉर्डनचंही डोक्यात येत राहतं. व्हिएतनामला जाऊन आलेला माणूस. छावणीतलं थांबणं, रसद, चिखल, घोड्यांचे खूर, हे तो इतकं रेंगाळून लिहितो ते कुठून येतं याचा मी आपला अंदाज बांधते. 2003 ला हा खंड आला, 2005 ला अकरावा, आणि 2007 च्या सप्टेंबरात तो गेला, हृदयाच्या दुर्धर आजारानं. गोष्ट अर्धवट. त्याच्या बायकोनं, हॅरिएटनं, जी त्याची संपादकही होती, ब्रँडन सँडरसनला निवडलं आणि त्यानं टिपणांवरून उरलेले तीन खंड पुरे केले. शेवटचा 2013 ला आला. म्हणजे त्यानं आपल्या हातानं पुरी केलेली या मालिकेतली मोठी पुस्तकं अकराच, आणि त्यातलं एक अख्खं यात गेलं. शाली, कोमट चहा, गाठी. लोक अजून म्हणतात, वाया घालवलं. मला दुपारी तसंच वाटत होतं. आता ठरवता येत नाही. चांगलं पुस्तक आहे असं मी म्हणणारच नाही, शंभर पानं तरी कापायला हवी होती. आणि एलेनची ती आंघोळ तर नक्कीच.

रात्रीचं जेवण झाल्यावर आईनं तांदूळ काढले. आजऱ्याचा घनसाळ, मामांनी दिलेला, डब्यात कडुलिंबाचा पाला घालूनही टोके झालेत. ऊन कुठलं मिळायला, म्हणून पंख्याखाली जुन्या लुगड्यावर पसरले. मी सूप घेतलं. टोका सोंड पुढं काढून आधी मेल्याचं सोंग करतो, मग सुपाच्या कडेला चढायला लागतो, तेवढ्यात बोटानं टिचकी मारायची. फोडलेला दाणा हलका होतो, तो पाखडताना पुढं येतो. आई म्हणाली, "मघाशी काय घुम्यासारखी बसली होतीस पुस्तक घेऊन?"

मी सहज सांगितलं, पुस्तकात पण टोके झालेत. पेरिनचं लष्कर सो हाबोर नावाच्या गावात धान्य घ्यायला जातं आणि कोठारातलं सगळं धान्य किडलेलं निघतं. मग त्या गावच्या लोकांना कडाक्याच्या थंडीत बाहेर बसवून ते पाखडून घेतात.

आईचा हात थांबला. ड्रॅगन म्हणून जन्मलेला माणूस, जादूच्या बाया, युगं फिरवणारं चक्र, हे सगळं दादानं तिला पूर्वी एकदा सांगून बघितलं होतं. तेव्हा ती "युगं येतात जातात, त्यात नवीन काय" म्हणून वाती वळायला गेली होती. आज मात्र वळून बसली.

"थंडीत? अन् ऊन नाही दिलं?"

"ऊन नाहीच तिथं. हिवाळा आहे."

"मग पाखडून जातात होय? अंडी आतच राहतात. दळून घ्यायचं लगेच. किती पोती?"

मला पोती आठवेनात. गाड्याच्या गाड्या, म्हटलं.

"आणि गावची माणसं कशी हो, कोठार भरलंय आणि लक्ष नाही?"

गावात भुतं फिरतात म्हणून माणसं घाबरून गेलीत, आंघोळ करत नाहीत, कपडे धूत नाहीत, असं सांगितलं. हे तिला पटलं. भीती बसली की घराचं असंच होतं म्हणाली, आणि कुणाचं तरी नाव घ्यायला लागली, मग घेतलं नाही. थोड्या वेळानं, "ह्याची बायको सापडली का?"

"अकराव्यात सापडते."

"मग ह्यात काय करतोय तो?"

दादाचाच प्रश्न. पण ती हसली नाही, खरंच विचारत होती. मी म्हटलं, शोधतोय. तिचा तळ कुठं आहे ते कळायला लागलंय, पण शायडो फार आहेत, माणसं कमी पडतात, मदत जमवतोय. आणि तोवर एवढ्या लष्कराला खायला घालायचंय ना.

"ते तर आहेच," आई म्हणाली. "उद्या वाचून सांग, ते धान्य पुरलं का."

उद्या मागं जाऊन तेवढं प्रकरण परत वाचायला लागणार. दादाला मेसेज केलाय, दहावा सोडत नाही, तूच एकदा वाच, पानं मी सोडवून ठेवलीत. वर आईनं सांगितलंय म्हणून लिहिलं की येताना तुझ्याकडचा मोठा स्टीलचा डबा आण, घट्ट झाकणाचा. निळ्या खुणा उमटल्यात. उत्तर नाही अजून.