परसातले गादीवाफे : बांधण्याआधी केलेली आखणी

वारज्यातल्या आमच्या रो-हाउसच्या मागे जेमतेम दोन गाड्या उभ्या राहतील एवढे परस आहे. तिथे भाजीपाला लावायचा असे ठरल्यावर घरातल्या प्रत्येकाने आपापल्या आवडीच्या भाज्यांची यादी केली. मी ती यादी बाजूला ठेवली, कारण काय लावायचे यापेक्षा वाफा कुठे आणि केवढा बांधायचा हे आधी ठरवणे मला गरजेचे वाटत होते. यापूर्वी मी कुंडीतल्या तुळशीपलीकडे काही लावलेले नव्हते. त्यामुळे पावसाळ्याआधीचा मे महिना मी केवळ आखणीसाठी राखून ठेवला.

पहिला प्रश्न उन्हाचा होता. पुण्यात मे महिन्याच्या मध्यावर सूर्य दुपारी थेट डोक्यावर येतो आणि शून्य सावलीचा दिवस अनुभवता येतो. त्या दिवसांत परसाचा कोपरान् कोपरा उन्हात न्हालेला दिसतो आणि वाफा कुठेही चालेल असे वाटू लागते. परंतु आम्हाला भाजी मुख्यतः हिवाळ्यात हवी होती, आणि डिसेंबरच्या शेवटी इथे भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर, दक्षिणेकडे कललेला असतो. आमच्या दक्षिणेच्या कुंपणाची भिंत सहा फूट उंच आहे. हिशेब केला तर तिची दुपारची सावली साडेपाच फुटांच्या आसपास आत येते आणि सकाळ-संध्याकाळ त्याहूनही पुढे सरकते. हे कागदावरचे गणित खरे आहे का ते पाहण्यासाठी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला परसात काढलेले फोटो मोबाइलमधून शोधून काढले. फोटोची वेळही नोंदलेली असल्याने, कोणत्या फरशीपर्यंत सावली पोचली होती हे मोजून घेता आले आणि हिशेब बरोबर ठरला. त्यामुळे भिंतीलगतची सहा फुटांची पट्टी भाजीपाल्यातून सरळ वगळली.

दुसरा प्रश्न पाण्याच्या निचऱ्याचा. फूटभर खोल खड्डा खणून तो पाण्याने भरला, ते जिरल्यावर पुन्हा भरला, आणि दुसऱ्यांदा भरलेले पाणी सकाळपर्यंत तसेच उभे राहिले. वर बांधकामाचा राडारोडा, त्याखाली चिकण काळी माती, असा तो सगळा प्रकार होता. काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातून पाणी हलत नाही, वाळली की तिला भेगा पडतात. अशा जमिनीत जून ते सप्टेंबर मुळे कुजणार हे उघड असल्याने गादीवाफ्याचा, म्हणजे जमिनीपेक्षा उंच उचललेल्या वाफ्याचा, निर्णय पक्का झाला. मात्र वाफ्याखालची जमीन तशीच ठेवून चालत नाही. ती टिकावाने वीतभर तरी फोडावी लागते, नाहीतर वरच्या चांगल्या मातीतले पाणी खालच्या कठीण थरावर साचून राहते. एका शेजाऱ्यांनी तळाला प्लॅस्टिक अंथरण्याचा सल्ला दिला होता. तो मी मानला नाही, कारण मुळांना खाली जाता येणे आणि पाण्याला वाट मिळणे हाच तर जमिनीवर वाफा करण्याचा फायदा आहे.

याच खोदकामात लव्हाळा हे चिवट तण निघाले. हरळी पुठ्ठ्याखाली दबून बऱ्यापैकी मरते, पण लव्हाळ्याच्या काळ्या गाठी दोऱ्यासारख्या मुळांनी एकमेकींना जोडलेल्या असतात आणि एक गाठ राहिली तरी पुन्हा पाते वर येते. त्या हाताने वेचताना उटण्यातल्या नागरमोथ्याचा वास येत होता, आणि तो यावा यात नवल नाही, कारण वनस्पती तीच आहे.

रुंदी ठरवताना मी तयार नकाशांतले चार फूट घेतले नाहीत. उकिडवे बसून हात पुढे केला तेव्हा तोल न जाता पावणेदोन फुटांपर्यंत पोचला. म्हणून दोन्ही बाजूंनी काम करता येईल अशी साडेतीन फूट रुंदी, आठ फूट लांबी आणि एक फूट उंची ठेवली. वाफ्यात पाय टाकायचा नाही एवढे पाळले तरच माती भुसभुशीत राहते. दोन वाफ्यांत दोन फुटांची वाट सोडली.

लाकडी फळ्यांचा विचार वाळवीमुळे सोडला. जवळच एका जुन्या सोसायटीचा पुनर्विकास चालू होता, तिथल्या साफ केलेल्या विटा स्वस्तात मिळाल्या. नऊ इंची विटेच्या हिशेबाने एका थराला साधारण ३३, चार थरांना १३० च्या वर, म्हणजे दोन वाफ्यांना फूटतूट धरून पावणेतीनशे विटा लागतात. गवंडी म्हणाला, “ताई, सगळं सिमेंटात घेऊ, पक्कं होईल.” मी फक्त कोपरे सिमेंटात घ्यायला सांगितले, बाकीच्या विटा चिखलात बसवल्या आणि तळच्या थरात पाणी निघायला फटी ठेवल्या.

पुण्यात माती ब्रासवर मिळते आणि एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. आमचा एक वाफा २८ घनफुटांचा, दोन्ही मिळून ५६. त्यात निम्मी माती धरली तरी अर्धा ब्रास पोयटा (गाळाची माती) पुरून उरतो, आणि उरलेला लागतोच, कारण पहिल्या पावसात भराव चांगलाच खाली बसतो. पाच घमेली पोयटा, तीन घमेली शेणखत, दोन घमेली वाळका पालापाचोळा आणि वरून निंबोळी पेंड असे प्रमाण ठेवले. शेणखत मुठीत घेऊन पाहावे. ते भुरभुरीत, काळसर आणि मातीच्या वासाचे हवे. अर्धवट कुजलेल्या शेणात मुळे खाणारी हुमणी अळी वाढते, आणि ती एकदा वाफ्यात शिरली की रोपे उभ्या उभ्या माना टाकतात. हेच वाफे गच्चीवर करू इच्छिणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे की एक घनफूट ओली माती पंचेचाळीस-पन्नास किलो भरते. म्हणजे असा एक वाफा सव्वा टनाच्या पुढे जातो, आणि तो स्लॅबवर ठेवण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारलेच पाहिजे.

लागवडीचा नकाशा यानंतर फारसा अवघड राहिला नाही. वाफे पूर्व-पश्चिम लांब असल्याने घेवड्याचा बांबूचा मांडव आणि टोमॅटो उत्तरेच्या कडेला घेतले, म्हणजे हिवाळ्यातली त्यांची सावली वाफ्याबाहेर पडते. मेथी, पालक, मुळा दक्षिणेकडे. मेथी एकदम न पेरता आठवड्याच्या अंतराने ओळी पेरल्या, धणे रगडून दोन फाकी करून टाकले. पेरणी गणपती उठल्यानंतर पाऊस ओसरू लागला तेव्हा केली. उंच वाफा लवकर सुकतो, त्यामुळे उसाच्या पाचटाचे आच्छादन टाकले आणि झारीने सकाळी पाणी दिले. आरओ यंत्रातून बाहेर पडणारे क्षारयुक्त पाणी मात्र वाफ्यात सोडत नाही.

वगळलेल्या सहा फुटांच्या पट्टीत वाफा बांधलाच नाही. तिथे अळू, पुदिना आणि थोडी हळद लावली आहे. त्यांना सावली चालते आणि अळूला ते पाणी धरणारे चिकण काळे रानच अधिक मानवते.