काच नको, जाळीच हवी
आज विश्रामबागेत भाच्याचा गेमिंग पीसी जोडला. त्याचं मन पुढून अखंड काच असलेल्या कॅबिनेटवर बसलं होतं, मी पुढून जाळी असलेलं मिड टॉवर, म्हणजे मध्यम आकाराचं कॅबिनेट, घ्यायला लावलं. सांगलीच्या एप्रिल-मेमध्ये ग्राफिक्स कार्डाला समोरून थेट हवा मिळायलाच हवी! त्यात ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा, एटीएक्स या प्रमाणित मापाचा मदरबोर्ड आरामात बसतो, पण कार्डाची लांबी आणि प्रोसेसरवरच्या कूलरची उंची आधी मोजून घ्याच. पुढे १२० मिलिमीटरचे तीन पंखे हवा आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा. सगळ्यात जास्त वेळ वायरिंगनं खाल्ला. प्रोसेसरची आठ पिनांची केबल बोर्ड बसवण्याआधीच वरच्या कोपऱ्यातून ओढून ठेवली, फार बरं झालं. स्टँडऑफ, म्हणजे बोर्ड ज्यांच्यावर टेकतो ते छोटे स्क्रूसारखे खांब, मात्र भाच्यानं स्वतः आवळले, बोर्डाच्या एकेका भोकाशी जुळवत. फार कौतुक वाटलं. पुढचा डस्ट फिल्टर दर महिन्याला साफ करायचं कामही आता त्याच्याचकडे.