आधी तो काय बघतोय ते बघा

त्या आईचा विचार अजून डोक्यातून जात नाही. मुलगा सव्वादोन वर्षांचा, ऑटिझमची लक्षणं स्पष्ट. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या आरबीएसकेच्या (राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या) पथकाने जिल्हा रुग्णालयात आमच्याकडे पाठवलेला. त्याआधी एका खासगी सेंटरवर मुलाला आत नेऊन दार लावत, आई बाहेर बाकड्यावर. थेरपिस्टचा आठवड्याला पाऊण तास. बाकी सगळा वेळ मूल जिच्याजवळ असतं, तिलाच बाहेर बसवायचं? मला हे कधीच पटलेलं नाही.

आमच्याकडे आईने नेहमीसारखं खेळायचं. मी मोबाइलवर व्हिडिओ घेते, मग दोघी मिळून बघतो. व्हिडिओत तिचं चाललं होतं, "हे काय? बोल, बॉल. बोल ना!" तो मान वळवून डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवत होता. शेवटी ती थकून पिशवी आवरायला लागली. झाकण खणकन पडलं आणि त्याने वर बघितलं. तिच्याकडे, क्षणभरच.

मी तिथेच व्हिडिओ थांबवला आणि गप्प बसले. तिने स्वतःच मागे नेऊन पुन्हा पाहिलं. "म्हणजे हा बघतो माझ्याकडे?"

मग ती त्याच्यासमोर फरशीवर बसली, दुसरं झाकण फिरवलं. पडलं की "धप्प!" एवढंच म्हणायची आणि थांबायची. हे थांबणंच सगळ्यात अवघड. बहुतेक पालकांना गप्प राहिलं की आपण काहीच करत नाही असं वाटतं. तिने धीर धरला. थोड्या वेळाने त्याने झाकण तिच्या हातात कोंबलं आणि "धप्प"ची वाट बघत तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

गोवा आणि रावळपिंडीत ६५ मुलांबरोबर झालेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात पालकांबरोबर हेच काम प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी केलं, ६ महिन्यांत १२ भेटींत. पालक मुलाच्या कलाने घ्यायला लागले, मुलं आपणहून पुढाकार घ्यायला लागली. थेरपिस्टची वाट बघत लहानग्यांचे महिने वाया जातात, तिथे आपल्याकडे हे अजून का रुजत नाही?

वडील कामाची पाळी बुडवून आले होते. सगळं बघून त्यांनी विचारलं, "पण मॅडम, बोलणार कधी? त्या सेंटरवर निदान शब्द तरी घोकून घेतात." आधी देवाणघेवाण, मग शब्द, हे मी सांगितलं. तारीख मात्र सांगता आली नाही, आणि त्यांना तीच हवी होती. त्यांचा चेहरा काही खुलला नाही.

निघताना आईने विचारलं, "पुढच्या वेळी सासूबाईंना आणू? दुपारभर तो त्यांच्याकडेच असतो."

"नक्की आणा," म्हटलं.