नुसतं बी.ए. कशाला?

‘नोकरी करून शिकलात, चांगलं केलंत. पण नुसतं बी.ए. कशाला? एखादा कामाचा डिप्लोमा तरी करायचा!’ एस.टी.चा कंडक्टर पदवीधर झाला म्हटल्यावर लोक पहिलं वाक्य कौतुकानं म्हणतात आणि दुसऱ्याला लगेच येतात. कँटीनमध्ये, सोयऱ्यांच्या लग्नात, कधी चालू गाडीत. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर सांगतो.

डिप्लोमा काम मिळावं म्हणून करतात. काम माझ्याकडे होतंच, आणि ते मला येतं. मला कामाबाहेरचं वाचायचं होतं. इतिहास, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र. परीक्षेचा धाक नसता तर हे वाचन पहिल्या पावसातच वाहून गेलं असतं, एवढं मी स्वतःला ओळखतो. म्हणून बी.ए.

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली सुरू झालं. राम ताकवले पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे विद्यापीठाचं ब्रीद. (चव्हाणसाहेब कराडचे आणि मी पाटण खोऱ्यातला, तेव्हा थोडा पक्षपात धरूनच वाचा.) इथं रोज वर्गात बसायचं नसतं. जवळच्या कॉलेजात अभ्यासकेंद्र असतं, तिथं सुट्टीच्या दिवशी संपर्क सत्रं होतात. सुट्टी इतरांची. आमची साप्ताहिक सुट्टी कुठल्या वारी येईल ते ड्युटीचा तक्ता ठरवतो. त्यामुळे माझा खरा मास्तर पुस्तकच. घटकाच्या सुरुवातीला उद्दिष्टं, मध्येमध्ये स्वयं-अध्ययनाचे प्रश्न आणि शेवटी उत्तरं. आधी उत्तरं बघायचा मोह होतो, आणि बघितली तरी कुणी ओरडत नाही. मुक्त शिक्षणातली खरी अडचण ही आहे. अभ्यास केलास का म्हणून विचारायला कुणी नसतं.

अभ्यास व्हायचा तो मुक्कामी गाडीवर. रात्री शेवटच्या गावात गाडी लागली, मशीनचा आकडा आणि पिशवीतली रक्कम जुळली, जेवण झालं, की झोपेपर्यंतचा वेळ आपला. ड्रायव्हर घोरायला लागला की मी पुस्तक उघडायचो. परीक्षा मात्र उन्हाळ्यात, म्हणजे नेमकी लग्नसराईत. तेव्हा रजा मागणाऱ्या कंडक्टरकडे आगारात ज्या नजरेनं बघतात, ती सोसायची तयारी ठेवा. मी पेपरच्या दिवसांसाठी ड्युट्या बदलून घेतल्या आणि त्या बदल्यात दुसऱ्यांच्या दिवाळीत गाड्या केल्या.

उपयोग काय झाला? पगारात काही नाही. पण एक प्रसंग सांगतो. २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ वर्षांवरच्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. त्यांनाही तिकीट द्यावंच लागतं, शून्य रुपयांचं. एक आजोबा रोज वाद घालायचे, ‘फुकट हाय तर कागद कशाला वाया घालवतोस?’ आधी मी ‘नियम आहे आजोबा’ एवढंच म्हणायचो. मग सार्वजनिक आयव्ययाचं, म्हणजे सरकारच्या जमाखर्चाचं प्रकरण वाचताना उलगडलं, की फुकट असं काही नसतं, पैसे देणारा बदलतो. सवलतीची भरपाई सरकारनं महामंडळाला द्यायची, आणि किती द्यायची ते या शून्याच्या तिकिटांवरूनच कळणार. आजोबांना सांगितलं, ‘तुमचं भाडं सरकार भरतं, हा कागद म्हणजे त्याचं बिल.’ त्यांनी तिकीट घडी घालून टोपीत ठेवलं आणि शेजारच्याला म्हणाले, ‘बघ, माझ्या नावानं बिल जातंय मंत्रालयात.’

कोयनेच्या विस्थापितांचंही तसंच. धरणात गावं गेली, माणसं रायगड, ठाणे, सोलापूरपर्यंत पांगली, हे लहानपणापासून ऐकत होतो. जत्रेच्या दिवसांत तीच माणसं, आता त्यांची नातवंडंसुद्धा, माझ्या गाडीत बसतात. विकास आणि विस्थापनाबद्दल वाचल्यावर मी त्यांना नुसतं ‘पुढं सरका’ म्हणायचं सोडलं. कुठून आलात, जमीन मिळाली का, पाणी आहे का, असं विचारतो. गर्दी असली तर नाही विचारत, उगाच खोटं कशाला सांगू.

आता ज्यांना करायचंय त्यांच्यासाठी. बारावी नसेल तर आधी ती करा. मी दहावीवर नोकरीला लागलो होतो, म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी दिली. बारावी न करता घेतलेल्या पदव्यांवरून कोर्टकज्जे झालेले आहेत. तो वळसा परवडतो, ते नाही. ‘मुक्तची पदवी चालते का?’ असं कुणी छद्मीपणे विचारलं, तर सप्टेंबर २०२२ चं यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं पत्रक दाखवा. मान्यताप्राप्त संस्थेची मुक्त आणि दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष धरावी, असं त्यात साफ म्हटलंय. आणि ज्याला तातडीनं वेगळी नोकरी हवी आहे, त्यानं माझं ऐकू नये. त्यानं आयटीआयच करावा.

एक गोष्ट मात्र कुणी विचारत नाही, म्हणून मीच सांगतो. विधान परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ पदवीधरांच्या मतदारसंघाच्या असतात. मुक्तचा पदवीधरही तिथं मतदार होऊ शकतो. त्यासाठी अठरा नंबरचा फॉर्म. म्हणजे सतरा भरून शिकायला लागलो आणि आता अठरा! पदवी मिळून तीन वर्षं पूर्ण व्हावी लागतात, ती माझी अजून व्हायची आहेत. ही यादी प्रत्येक निवडणुकीला नव्यानं बनते, मागच्या वेळी नाव होतं म्हणून चालत नाही. आमच्या आगारात जुने पदवीधर बरेच आहेत, फॉर्म भरलेले मोजके. सध्या मी त्यांच्या मागं लागलोय.