बास म्हणजे कुठला बास?

साउंडचेक चालू असताना ड्रमर मागून ओरडला, "बास, बास!" मी बास गिटारचा फेडर (मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी) वर सरकवला. त्याला 'थांबा' म्हणायचं होतं. मराठीत साउंड करायचा म्हणजे हा घोळ ठरलेलाच. पण फेडर चांगला वर गेला तरी आवाजात काडीचा फरक पडला नाही, आणि माझ्या डोक्याला भुंगा लागला.

बँड हेवी मेटलचा. बासिस्ट विशीतला पोरगा, पाच तारांची बास, सगळ्यात जाड तार बी, म्हणजे साधारण ३१ हर्ट्झ. मागे ३०० वॉटचा ट्यूब अँप आणि आठ स्पीकरचं भलंमोठं कॅबिनेट. एकटा वाजवत होता तेव्हा जमीन हादरत होती. दोन गिटार सुरू झाल्या आणि बास गायब.

स्टेजवर जाऊन अँप पाहिला. बास (खालचा आवाज) फुल, ट्रेबल (वरचा) फुल, मिड (मधला) शून्य, गेन (सिग्नल वाढवणारा नॉब) शेवटपर्यंत. घरी एकट्याने वाजवताना हा आवाज भारी वाटतो, पण बँडमध्ये खालची जागा किक ड्रमने घेतलेली असते आणि वरची झांजांनी. बासला उरतो तो मधलाच पट्टा, आणि नेमका तोच याने काढून टाकला होता.

"मिड वर घे, गेन अर्ध्यावर आण," मी टॉकबॅकवरून, म्हणजे सगळ्यांना ऐकू जाईल असं, सांगितलं.

"दादा, मग मेटल कसं वाटणार?"

गेन वाढवला की लाटेची टोकं चिरडली जातात. खरखर वाढते, पण पिकचा (तार छेडायच्या पट्टीचा) ठोका आणि तळाचं वजन दोन्ही पातळ होतं. हे त्याला पटेना. मग मोटरहेड बँडच्या बासिस्टचं, लेमीचं नाव काढलं: त्याचा तो राकट आवाज मार्शल अँपचे मिड चढवून आणि बास-ट्रेबल उतरवून यायचा. लेमीचं नाव ऐकल्यावर हात आपोआप नॉबकडे गेला.

पुन्हा वाजवलं. बाहेरच्या स्पीकरमधून अजूनही पोकळच, नळीतून आल्यासारखं. वैतागून कॅबिनेटसमोर जाऊन उभा राहिलो, तर तिथे बास अक्षरशः गुरगुरत होता. म्हणजे आता गडबड माझ्या बाजूला होती.

मी बासचे दोन सिग्नल घेतले होते: अँपच्या आधी डीआय बॉक्समधून (बासचा सिग्नल थेट मिक्सरला देणारी डबी) स्वच्छ, आणि कॅबिनेटसमोरच्या माइकमधून घाण, म्हणजे अँपच्या खरखरीसकट. नुसता माइक ठेवला, उत्तम. नुसता डीआय, तोही ठीक. दोन्ही एकत्र केले की पोकळ. पोलॅरिटीचं (लाट उलटी करायचं) बटण दाबलं, तर तळच निघून गेला. मग डोळे उघडले. माइक मी स्पीकरपासून वीतभर नव्हे, चांगला ३४ सेंटीमीटर मागे लावला होता. तेवढं अंतर कापायला आवाजाला १ मिलिसेकंद लागतो, आणि डीआयचा सिग्नल वायरमधून कधीच पोचलेला असतो. ५०० हर्ट्झची लाट १ मिलिसेकंदात बरोबर अर्धी वळते, त्यामुळे दोन्ही सिग्नल एकमेकांना खाऊन टाकतात. १५०० ला तेच, २५०० ला तेच. गुरगुर आणि पिकची किटकिट राहते तिथेच खड्डे.

डीआयला १ मिलिसेकंद उशीर दिला. शिवाय साधारण २०० हर्ट्झच्या खालचं डीआयवर सोडलं आणि वरचं माइकवर, म्हणजे घाण वर आणि पाया कोरडा. गिटारिस्टने वाजवता वाजवता मान वळवून बासच्या कॅबिनेटकडे पाहिलं. तिथे काहीच बदललेलं नव्हतं.

शो सुरू व्हायच्या आधी बासिस्ट गेन हळूच पुन्हा पाऊणवर नेताना दिसला. मिडला मात्र त्याने हात लावला नाही. नंतर केबल गुंडाळत माझ्याजवळ आला.

"दादा, मिड वर घेतल्यावरच सगळं जमलं ना?"

मी हो म्हणालो.