‘एव्हाना सगळ्यांचे झाले असेल’

‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा इंटरनेटवर असंख्य जण एकत्र खेळतात असा व्हिडिओ गेम मनापासून खेळणाऱ्यांच्या गप्पांत एक वाक्य वारंवार कानावर पडते : ‘एव्हाना हे सगळ्यांचे झाले असेल.’ नवा विस्तार, म्हणजे खेळातली मोठी नवी भर, येऊन महिना होतो न होतो, तोच कमाल लेव्हल आणि चांगले गिअर (शस्त्रे-चिलखते) मिळवलेले खेळाडू खेळात करण्यासारखे काही उरले नाही, असे ठामपणे सांगू लागतात. ते खोटे बोलत नसतात. त्यांच्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटामध्ये, आणि त्यांच्या मित्रांमध्ये खरोखरच तशी स्थिती असते. मात्र तेवढ्यावरून सर्वसाधारण खेळाडू कुठवर पोहोचला असेल याचा जो अंदाज ते बांधतात, तो बहुतेक वेळा फार चुकतो, आणि त्याचा त्रास ज्यांना होतो ते या गप्पांत नसतात.

हा अंदाज का चुकतो, हे साध्या गणिताने कळते. आठवड्याला चाळीस तास खेळणारा एक आणि चार तास खेळणारा एक, असे दोन खेळाडू घेतले, तर तुम्ही कोणत्याही वेळी लॉगिन केले तरी पहिला भेटण्याची शक्यता दुसऱ्याच्या दहापट असते. खेळातील ऑर्ग्रिमार किंवा स्टॉर्मविंड या शहरांच्या चौकात उभे राहून आजूबाजूच्यांचे गिअर पाहिले की सगळेच पुढे गेल्यासारखे वाटते, कारण जो मागे आहे तो त्या क्षणी बहुधा ऑफिसात, स्वयंपाकघरात किंवा झोपलेला असतो. भारतातून युरोपच्या सर्व्हरवर खेळणाऱ्याला तर हे चांगलेच ठाऊक असते : तिथला रात्री आठचा रेड, म्हणजे मोठ्या गटाने मिळून करायची चढाई, आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकराला आणि हिवाळ्यात साडेबाराला सुरू होतो, आणि सकाळी कामावर जायचे असलेला माणूस त्या यादीत नाव घालत नाही. त्याच्यात कौशल्य आहे की नाही, हा प्रश्नच तिथे येत नाही.

नॅक्सरामस या रेडचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. जून २००६मध्ये आलेल्या या रेडसाठी चाळीस खेळाडू लागत, आणि जानेवारी २००७मध्ये पुढचा विस्तार येईपर्यंत अगदी थोड्या लोकांनी तो आतून पाहिला होता. शेवटी नोव्हेंबर २००८मध्ये हा खेळ बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने तोच रेड दहा आणि पंचवीस जणांसाठी पुन्हा आणला. ज्यांनी तो पूर्वी पूर्ण केला होता त्यांना हे जुनेच काहीतरी पुन्हा वाढल्यासारखे वाटले. बाकी जवळजवळ सर्वांसाठी तो अगदी नवा होता.

वेळेइतकेच महत्त्व माहितीलाही आहे, आणि माझ्या मते अनुभवी खेळाडूंची सर्वांत मोठी चूक इथेच होते. डिसेंबर २०१०मध्ये आलेल्या ‘कॅटॅक्लिझम’ या विस्तारातील स्टोनकोर या डंजनचा (पाच जणांच्या छोट्या चढाईचा) हिरोइक, म्हणजे अधिक कठीण, स्तर घ्या. तिथला ओझरुक हा बॉस, म्हणजे बलाढ्य शत्रू, आपल्यावर टाकलेले मंत्र काही वेळ उलटवून लावतो, नंतर पाचही जणांना जागच्या जागी खिळवतो आणि लगेच जवळच्यांवर प्राणघातक आघात करतो. अंगाला इजा झाली की खिळलेला खेळाडू सुटतो. म्हणून जाणकार जादूगार, बॉस मंत्र उलटवत असतानाच, हळूहळू इजा करत राहणारा एखादा मंत्र मुद्दाम त्याच्यावर टाकतो, तो स्वतःच्याच अंगावर उलटू देतो आणि त्या इजेच्या बळावर मोकळा होऊन दूर पळतो. ज्याला हे माहीत आहे, त्याला ही मामुली गोष्ट वाटते. पण स्वतःला इजा करून घेणे हाच बचावाचा उपाय आहे, हे पहिल्यांदा आलेल्या माणसाला कसे सुचावे? खेळाच्या आत बॉसची माहिती देणारी नोंदवही तर २०११च्या जूनमध्ये आली. तोवर ही युक्ती बाहेर कुठेतरी वाचून किंवा कोणीतरी सांगूनच कळायची.

त्या काळात हिरोइक डंजन फार कठीण झाल्याची तक्रार इतकी वाढली, की जानेवारी २०११मध्ये ब्लिझार्डचे डिझायनर ग्रेग स्ट्रीट यांनी त्यावर एक सविस्तर लेख लिहिला आणि कठीणपणाचे समर्थन केले. ऑक्टोबर २०१०मध्ये १ कोटी २० लाखांवर असलेली वर्गणीदारांची संख्या मार्च २०११अखेर १ कोटी १४ लाखांवर आली. या घसरणीचे खापर एकट्या डंजनांवर फोडणे बरोबर ठरणार नाही. परंतु मागच्या विस्तारातील डंजन फार सोपे झाले असल्याचे ज्यांनी हिरिरीने मांडले होते, ते बहुतेक त्या डंजनांच्या गरजेपेक्षा कितीतरी वरचे गिअर घालून तिथे जात असत, हे विसरून चालणार नाही.

आता मोजमापाची साधने वाढली आहेत आणि गैरसमज अधिक पक्का झाला आहे. ‘वॉरक्राफ्ट लॉग्ज’ या संकेतस्थळावर रेडमधील कामगिरीची क्रमवारी लागते आणि तळच्या चतुर्थांशातील खेळाडूच्या नावापुढे करडा रंग येतो. ती क्रमवारी मुख्यतः बॉस पाडलेल्यांची, आणि त्यातही ज्यांच्या गटाने आपल्या लढाईची नोंद चढवली त्यांचीच असते. म्हणजे करडा रंग मिळालेला माणूस गिल्डमध्ये आहे, ठरलेल्या वेळी हजर राहिला आहे आणि त्याच्या गटाने बॉस पाडला आहे. एकूण खेळाडूंच्या हिशेबात तो बराच पुढे आहे. त्याला ‘खेळता येत नाही’ असे म्हणून गटातून काढताना मी पाहिले आहे, आणि ते अन्यायाचे आहे असे मला मनापासून वाटते.

नोव्हेंबर २०११मध्ये अनोळखी खेळाडूंचा गट आपोआप जुळवून देणारा ‘रेड फाइंडर’ आला. कोणत्याही गिल्डमध्ये नसलेल्या माणसालाही रांगेत नाव घालून, सोप्या स्तरावर का होईना, ‘कॅटॅक्लिझम’चा मुख्य खलनायक डेथविंग याच्यापर्यंत पोहोचता येऊ लागले. यामुळे विजयाची किंमत गेली, अशी टीका तेव्हा झाली आणि अजूनही होते. मात्र कठीण स्तर, त्यांची बक्षिसे आणि त्यांचा मान जसाच्या तसा राहिला होता. बदलले ते इतकेच, की दरमहा तीच वर्गणी भरणाऱ्या कितीतरी लोकांसमोर एखाद्या विस्ताराचा मुख्य खलनायक, तो विस्तार चालू असतानाच, पहिल्यांदा पडला.