रेसिंग गेममधला खरेपणा कुठे शोधायचा?

आरेमबर्ग हे जर्मनीतील न्युर्बुर्गरिंगच्या जुन्या नॉर्डश्लाइफ ट्रॅकवरचे एक उजवे वळण आहे. त्याच्या आधी श्वेडेनक्रॉइत्स हे वेगवान डावे वळण येते. तेथून सुसाट आलेल्या गाडीला जोराचा ब्रेक लावावा लागतो, आणि आरेमबर्ग मागे पडले की रस्ता झाडांमधून खाली उतरत जातो. गेल्या पावसाळ्यापासून मी ‘असेट्टो कोर्सा’ या सिम्युलेटरमध्ये, म्हणजे खऱ्या गाडीचे वागणे हुबेहूब उभे करू पाहणाऱ्या गेममध्ये, पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५ घेऊन या २०.८ किलोमीटरच्या ट्रॅकवर रोज रात्री दोन फेऱ्या मारते. या वळणात जरा जास्त वेगाने शिरले की दर वेळी एकच गोष्ट घडते. सुरुवातीला स्टीअरिंग हाताला जड लागते, आणखी वळवावे तसे आणखी जड होत जाते आणि मग, गाडी अजून रस्ता धरून असतानाच, ते हलके पडते. त्यानंतर क्षणभराने गाडीचे नाक बाहेरच्या गवताकडे सरकू लागते.

हे हलके पडणे कोणी वरून चिकटवलेले नाही. वळताना टायरचे तोंड एका दिशेला असते आणि तो प्रत्यक्षात थोड्या वेगळ्या दिशेला चाललेला असतो. या दोन दिशांमधल्या कोनाला स्लिप अँगल म्हणतात. हा कोन वाढतो तशी टायरची पकड एका मर्यादेपर्यंत वाढते आणि त्यापुढे कमी होते. मात्र चाकाला पुन्हा सरळ करू पाहणारा जोर, जो आपल्याला स्टीअरिंगमध्ये जडपणा म्हणून जाणवतो, तो पकड शिगेला पोहोचण्याच्या थोडा आधीच उतरू लागतो. म्हणजे टायर सुटण्यापूर्वी सूचना देतो. सिम्युलेटर हे गणित सतत सोडवत असतो आणि त्याचे उत्तर गेमसाठीच्या स्टीअरिंगमधल्या मोटरमार्फत माझ्या मनगटापर्यंत पोहोचवतो. ही सूचना मला पहिल्यांदा नीट कळली, त्या रात्री मी हात किंचित सैल केला, नाक पुन्हा वळले आणि गाडी रस्त्यावरच राहिली. इतका निखळ आनंद मला फार थोड्या खेळांनी दिला आहे.

हे मुद्दाम आधी सांगितले, कारण यापुढे मी आर्केड गेमची, म्हणजे खऱ्या गाडीच्या नियमांत न अडकता झटपट खेळायच्या गेमची, बाजू घेणार आहे, आणि ती सिम्युलेटरवरच्या रागातून आलेली नाही हे स्पष्ट असावे. रेसिंग गेम खेळणाऱ्यांत हा वाद जुना आहे. सिम, म्हणजे सिम्युलेटर, खेळणारे आर्केडला पोरखेळ समजतात. आर्केड खेळणाऱ्यांना सिम म्हणजे दिवसभराच्या कामानंतर पुन्हा अभ्यासाला बसल्यासारखे वाटते. एका बाजूला खरेपणा आणि दुसऱ्या बाजूला मजा अशी ही वाटणीच मला चुकीची वाटते. गेमचे नियम पक्के आहेत का आणि माझी चूक कशामुळे झाली हे तो मला कळू देतो का, हे दोन प्रश्न मी दोन्ही प्रकारच्या गेमना विचारते.

सेगाचा ‘आऊटरन’ १९८६ साली आला. तो यू सुझुकी यांनी घडवला होता. त्यात गिअर दोनच आहेत, लो आणि हाय. प्रत्येक टप्प्याच्या शेवटी रस्त्याला डावा-उजवा फाटा फुटतो. एकूण टप्पे पंधरा, पण एका खेपेला त्यांतले पाचच पाहायला मिळतात आणि प्रवास पाच वेगवेगळ्या शेवटांपैकी एका ठिकाणी संपतो. गाडी जोरात आदळली की चालक आणि शेजारी बसलेली मुलगी दोघेही बाहेर फेकली जातात आणि लगेच पुन्हा गाडीत बसून निघतात. यातले काहीच खऱ्या गाडीसारखे नाही. पण हा गेम नाण्यावर चालणाऱ्या मशीनसाठी बनला होता, हे विसरून चालत नाही. मशीनमालकाचा धंदा तासाला किती नाणी पडतात यावर चालायचा, त्यामुळे एका नाण्यात काही मिनिटांचाच खेळ परवडायचा आणि तेवढ्या वेळात खेळणाऱ्याला वेग, धोका आणि पुढच्या टप्प्याची ओढ असे सगळे द्यावे लागायचे. उलटी मोजणारी वेळ, चेकपॉइंट ओलांडल्यावर मिळणारी वाढीव सेकंदे, अपघातानंतर लगेच सुरू होणारा प्रवास, हे सगळे त्या नाण्यातून जन्मले. आणि हे नियम अत्यंत कडक आहेत. आदळलात तर सेकंदे जातात आणि ती भरून निघत नाहीत. यात गाडी सोपी केलेली आहे. शिक्षा मात्र सोपी केलेली नाही.

नाम्कोच्या ‘रिज रेसर’मधले ड्रिफ्टिंगही असेच आहे. वळणाआधी अॅक्सिलरेटर क्षणभर सोडायचा, स्टीअरिंग वळवायचे, पुन्हा दाबायचा, की गाडी आडवी होऊन घसरत वळण काढते आणि वेग फारसा गमावत नाही. खऱ्या टायरला विचाराल तर हे अशक्य आहे. तरीही त्या गेममध्ये किती आधी सोडायचा आणि कोणत्या क्षणी गाडी सरळ करायची याचे हातावर बसवायचे एक तंत्र आहे, आणि शेकडो फेऱ्या मारल्यानंतरही त्यात काही सेकंद सापडत राहतात. ज्या खेळात इतके शिकण्यासारखे आहे त्याला उथळ म्हणणे मला पटत नाही.

माझे स्वतःचे पहिले प्रेम ‘रोड रॅश’ हा मोटरसायकल शर्यतीचा गेम. साताऱ्यात आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर एक सायबर कॅफे होता. तासाचे वीस रुपये पडत आणि ते दादा आणि मी निम्मे निम्मे काढत असू. एकाने खेळायचे, दुसऱ्याने खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहायचे, आणि गाडी पडली की जागा बदलायची. पण पडणे म्हणजे नेमके काय, यावर आमचे रोज भांडण होई. कारण त्या गेममध्ये पडलेला माणूस उठतो आणि दूर जाऊन पडलेल्या आपल्या मोटरसायकलकडे स्वतःच्या पायांनी धावत जातो. तो धावत असताना बाकीचे सगळे भरधाव निघून जाताना दिसतात. ‘धाव, धाव’ असे आम्ही दोघे स्क्रीनकडे पाहून ओरडत असू. चुकीची किंमत इतकी उघडपणे दाखवणारे दृश्य मी नंतरच्या महागड्या गेममध्येही क्वचितच पाहिले.

आता सिम्युलेटरकडे येते. तेथेही तडजोडी आहेत, आणि त्या मान्य केल्याने त्याचा मान कमी होत नाही. मी ताम्हिणी घाटात गाडी चालवते तेव्हा उतारावर ब्रेक लावला की शरीर पुढे झुकते, वळणात खांदा दाराकडे ढकलला जातो, आणि ओल्या रस्त्यावर मागचे चाक जरा जरी सरकले तरी ते डोळ्यांच्या आधी कमरेला कळते. घरच्या खुर्चीत यातले काहीच नसते. उरतात डोळे, कान आणि हात. म्हणून सिमला काही गोष्टी हातांमार्फत सांगाव्या लागतात ज्या प्रत्यक्षात हातांना इतक्या जाणवत नाहीत. असेट्टो कोर्सामध्ये कर्ब (वळणाच्या कडेचे उंचवटे), रस्ता आणि घसरणे यांची कंपने वाढवण्यासाठी वेगळ्या सेटिंग्ज आहेत, त्या याचसाठी. शरीराचे एक दार बंद असल्याने निरोप दुसऱ्या दाराने पाठवला जातो.

दृष्टीचा प्रश्न याहून अवघड आहे. माझा स्क्रीन २४ इंचांचा, म्हणजे सुमारे ५३ सेंटिमीटर रुंद आहे आणि डोळ्यांपासून ७० सेंटिमीटरवर ठेवलेला आहे. एवढ्या मोठ्या खिडकीतून बाहेर पाहिले तर जगाचा साधारण ४१ अंशांचा पट्टा दिसेल. गेममधला कॅमेरा तेवढाच ठेवला तर वळणे खऱ्या आकाराची दिसतात, ब्रेक कुठे लावायचा याचा अंदाज सुधारतो, पण वेग मेल्यासारखा वाटतो. कारण वेगाची जाणीव आपल्याला मुख्यतः डोळ्यांच्या कडांमधून मागे पळणाऱ्या गोष्टींमुळे होते, आणि त्या कडाच कापल्या गेलेल्या असतात. म्हणजे भूमितीने अचूक असलेले चित्र भावनेने खोटे ठरते. आर्केड गेम उलट वाट धरतात. ते कॅमेरा रुंद करतात आणि रस्त्याच्या कडेच्या रेषा धूसर करतात. नायट्रो, म्हणजे क्षणभर जादा वेग देणारे बटण, दाबला की चित्र ताणतात आणि थोडे थरथरवतात. भूमिती बिघडते आणि ताशी २०० किलोमीटरची भीती मात्र पोटात उतरते. यांतले खरे चित्र कोणते, याचे एकच उत्तर मला देता येत नाही. मी ४१ अंशांवर खेळते, कारण मला ब्रेकचा अंदाज हवा असतो. पण काय गमावले आहे याची जाणीव दर फेरीला होते.

मदतीच्या बाबतीत जुन्या सिम्युलेटरांचे वागणे मला आजही आदर्श वाटते. जेफ क्रॅमंड यांच्या नव्वदीच्या सुरुवातीच्या ‘फॉर्म्युला वन ग्रँड प्रिक्स’मध्ये आपोआप ब्रेक, आपोआप गिअर, वळण काढायचा सर्वांत वेगवान मार्ग दाखवणारी आदर्श रेषा अशा सवलती कीबोर्डवरच्या एफ-१ ते एफ-६ या कळांवर दिलेल्या होत्या. अवघड पातळी निवडत जावे तशा त्या एकेक करून बंद होत. कोणती कुबडी घेतली आहे हे खेळणाऱ्याला स्पष्ट माहीत असायचे. त्यानंतर १९९८ साली पॅपिरसचा ‘ग्रँड प्रिक्स लेजंड्स’ आला. त्यातल्या गाड्या १९६७ च्या हंगामातल्या, म्हणजे विंग (गाडीला रस्त्यावर दाबून धरणारे पंख) नसलेल्या, आणि त्यांना सांभाळणे इतके कठीण की नवख्याला पहिली फेरीही सरळ पूर्ण करता येत नसे. त्याची भक्ती करणारे लोक आजही आहेत आणि मला ते समजते.

१९९७ च्या अखेरीस जपानमध्ये आलेल्या पहिल्या ‘ग्रान टुरिस्मो’ने एकाच डिस्कवर आर्केड आणि सिम्युलेशन असे दोन स्वतंत्र विभाग दिले, हा निर्णय मला फार प्रामाणिक वाटतो. सिम्युलेशनमध्ये पुढे जायचे तर लायसन्सच्या परीक्षा द्याव्या लागत, आणि त्यांची सुरुवात गाडी सरळ पळवून आखलेल्या पट्ट्यात थांबवण्यापासून होई. वळणाआधी वेग कमी करण्याचे शिक्षण माझ्या पिढीतल्या कितीतरी जणांना याच मालिकेने दिले. मात्र त्याच गेममध्ये गाडी भिंतीवर आदळली तरी तिला काहीच होत नसे, त्यामुळे भिंतीला घासत वळण काढणे हाच काही ठिकाणी वेगवान मार्ग ठरायचा. म्हणजे खरेपणाचा दावा करणाऱ्या गेममध्येही नियमांना भोक होते. पुढे याच मालिकेच्या आधाराने २००८ मध्ये जीटी अकॅडमी ही गेम खेळणाऱ्यांतून खरे शर्यतपटू निवडणारी स्पर्धा सुरू झाली. तिचा पहिला विजेता, स्पेनचा लुकास ओर्दोन्येस, २०११ च्या ल मानच्या २४ तासांच्या शर्यतीत एलएमपी२ या गाड्यांच्या गटात दुसऱ्या क्रमांकावर आलेल्या चमूत होता. खुर्चीत शिकलेले काहीतरी रस्त्यावर नक्कीच टिकते.

माझी खरी तक्रार तिसऱ्याच प्रकाराविषयी आहे. मध्यंतरी मी एक गेम विकत घेतला. जाहिरातीत टायर, सस्पेन्शन, हवेचा दाब सगळे खरे असल्याचे सांगितले होते. दहा फेऱ्यांच्या एका शर्यतीत मी सहा फेऱ्या एकही चूक न करता चालवल्या, आघाडी चार सेकंदांची झाली आणि त्यानंतर ती वाढेचना. सातव्या फेरीत मुद्दाम मंद गेले, तर मागची गाडीही मंद झाली. पुन्हा वेग घेतला, तर तीही मागोमाग आली. मागच्याला पुढे ओढणारा आणि पुढच्याला मागे खेचणारा हा अदृश्य रबर तेथे बसवलेला होता आणि त्याविषयी कुठेही एक अक्षर लिहिलेले नव्हते. त्या सहा फेऱ्या मी मन लावून चालवल्या होत्या. त्यांना काही अर्थ नव्हता हे कळल्यावर मी तो गेम त्याच रात्री काढून टाकला. शर्यत चुरशीची राहावी हा हेतू मला कळतो. पण खेळणाऱ्याचे कष्ट खेळणाऱ्याला न सांगता पुसून टाकणे मला अक्षम्य वाटते.

‘मारिओ कार्ट’मध्येही मागे पडलेल्याला जोरदार वस्तू मिळतात, पण ते सगळ्यांना दिसते आणि सगळ्यांना माहीत असते. दादाची मुलगी नऊ वर्षांची आहे. ती माझ्याकडे आली की आम्ही दोघी ‘मारिओ कार्ट ८ डिलक्स’ खेळतो. त्यात लहानांसाठी स्मार्ट स्टीअरिंग आहे. गाडी कडेला जाऊ लागली की तो तिला आत वळवतो. तो चालू असला की गाडीच्या मागे एक छोटी अँटेना दिसते. दिवाळीच्या सुट्टीत तिने एक आडवाट पाहून ठेवली, जी मी दर फेरीला घेत होते, आणि तीन वेळा तिकडे वळण्याचा प्रयत्न केला. तिन्ही वेळा गाडी परत रस्त्यावर ओढली गेली. ‘आत्या, ही मला जाऊच देत नाहीये,’ असे म्हणून तिने खेळ थांबवला, त्या अँटेनेकडे बोट दाखवले आणि ती कुठून काढायची असे विचारले. मी काढून दिली. पुढच्या फेरीत ती त्याच आडवाटेवरून खाली पडली, त्याच्या पुढच्या फेरीतही पडली, आणि जेवायला हाक येईपर्यंत तिने दुसरा ट्रॅक लावू दिला नाही.